मुळाशी उगवणारी पांढरी रेघ

मराठीत आपण म्हणतो, केस पिकले. आंबा पिकतो, पान पिकते, तसा केसही पिकतो. या शब्दात तक्रार नाही. उलट, आपला शब्द खरा करायचा असला की वडीलधारी माणसे म्हणतात, 'माझे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत.' म्हणजे भाषेच्या लेखी पांढरा केस ही माणसाची कमाई आहे. असे असूनही मराठी घरात मोरीच्या फळीवर कलपाची पुडी, वाटी आणि जुना दातांचा ब्रश हमखास सापडतो. तोंडाने आपण पांढऱ्या केसांचा मान राखतो आणि रविवारी सकाळी हाताने तेच केस काळे करतो.

कलप लावून तीन-चार आठवडे झाले की भांगाच्या दोन्ही बाजूंना एक पांढरी रेघ दिसू लागते. वर काळेभोर केस आणि मुळाशी पांढरी पट्टी. कलप लावणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक असते आणि आरशात तिच्याकडे पाहायला नको वाटते. आजच्या भाषणात मी या रेघेचा इतिहास सांगणार आहे. ती लपवण्यासाठी माणसाने काय काय केले, आणि शेवटी ती लपवण्याऐवजी मिसळून टाकायची युक्ती त्याला कशी सुचली, हे त्यात येईल.

आधी थोडे शरीरशास्त्र पाहू. आपल्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि ते महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. त्वचेच्या बाहेर आलेला केस निर्जीव असतो. रंग भरायचे सगळे काम आत, मुळाशी चालते. तिथल्या पेशी मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य बनवून वाढत्या केसात भरत राहतात. वयानुसार हे काम मंदावते आणि एक दिवस थांबते. मग पुढची लांबी बिनरंगाची, म्हणजे पांढरी येते. गंमत अशी की एकेक केस पाहिला तर करडा असा केस जवळजवळ नसतोच. काळे केस आणि पांढरे केस एकमेकांच्या शेजारी उभे असतात आणि लांबून पाहणाऱ्या डोळ्याला ते करडे भासतात. ही साधी गोष्ट कृपया लक्षात ठेवा. पुढे सलूनमधली सगळी कला हिच्यावरच उभी राहिली आहे.

आपल्या जुन्या वाङ्मयात पहिल्या पांढऱ्या केसाला मोठा मान आहे. जातककथांत मिथिलेच्या मखादेव राजाची गोष्ट येते. राजाने आपल्या न्हाव्याला सांगून ठेवले होते की माझ्या डोक्यावर पांढरा केस दिसला की मला सांग. पुष्कळ वर्षांनी न्हाव्याला तो दिसला. राजाच्या आज्ञेवरून त्याने सोन्याच्या चिमट्याने तो उपटला आणि राजाच्या तळहातावर ठेवला. राजाने न्हाव्याला एक गाव इनाम दिले, राज्य मुलाच्या हाती सोपवले आणि तो वनात निघून गेला. कालिदासाच्या रघुवंशातही बाराव्या सर्गाच्या आरंभी दशरथाच्या कानाजवळ पांढरा केस येतो. कवीची कल्पना अशी की कैकेयीला ऐकू जाऊ नये म्हणून म्हातारपणच कानाशी येऊन कुजबुजते, रामाला राज्य दे. कानशिलावर केस आधी पिकतात हे तर आपण रोज पाहतो. कालिदासाने तेवढ्याच निरीक्षणावर रामायणाचे सगळे पुढचे दुःख टांगून ठेवले आहे.

पण सगळेच राजे वनात गेले नाहीत. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत सुगंधी द्रव्यांवर एक अध्याय लिहिला आहे. त्याची सुरुवात केस काळे करण्याच्या कृतीने होते. त्याचे म्हणणे असे की डोक्याचे केस पांढरे असतील तर हार, अत्तर, वस्त्रे आणि दागिने यांना काही शोभा नाही, म्हणून आधी केसांकडे बघा. कृती अशी : लोखंडाच्या भांड्यात कोद्र्याचे दाणे आंबट द्रवात शिजवायचे, त्यात लोहचूर्ण घालून बारीक वाटायचे, डोक्याला लेप द्यायचा आणि ओल्या पानांनी झाकून ठेवायचे. दोन प्रहरांनी धुऊन आवळ्याचा लेप द्यायचा, पुन्हा पाने बांधायची आणि मग धुवायचे. नंतर लोखंडाचा आणि आंबटाचा वास जावा म्हणून सुगंधी पाण्याने डोके धुवायचे.

ही कृती वाचून हसू येईल, पण तिच्यात रसायनशास्त्र आहे. लोखंडाचे क्षार आणि आवळ्या-हिरड्यातला तुरट अंश एकत्र आले की काळा रंग तयार होतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस घालून बोरूची शाई बनवत, ती याच न्यायाने. आजही आपल्याकडे बायका मेंदी लोखंडी कढईत, चहाच्या पाण्यात रात्रभर भिजवतात आणि त्यात आवळकाठी घालतात. आजीने सांगितले म्हणून त्या तसे करतात, पण ती जुनी शाईचीच विद्या आहे. कवी म्हणून मला याचा आनंद वाटतो की ज्या काळ्याने माणसाने पोथ्या लिहिल्या, त्याच काळ्याने त्याने आपले वय खोडायचा प्रयत्न केला.

मेंदीचे नाव निघालेच आहे तर आमच्याकडची गोष्ट सांगतो. इसवी सन ६३० मध्ये मक्का जिंकली गेली तेव्हा हजरत अबूबक्र यांचे वृद्ध वडील अबू कुहाफा यांना पैगंबरसाहेबांसमोर आणले गेले. त्यांचे डोके आणि दाढी एखाद्या पांढऱ्या फुलांच्या झुडपासारखी शुभ्र झाली होती. पैगंबरसाहेब म्हणाले, याला काहीतरी रंग द्या, पण काळा टाळा. ही हकिकत हदीसच्या ग्रंथांत आहे. स्वतः अबूबक्र मेंदी आणि कतम नावाच्या वनस्पतीचा पाला मिसळून लावत असत. काळ्या रंगाविषयी पुढे विद्वानांत पुष्कळ चर्चा झाली, मतभेदही झाले. टाळावा म्हणणाऱ्यांचा मुख्य मुद्दा फसवणुकीचा होता : समोरच्याला आपले वय चुकीचे वाटू नये. मेंदीची गोष्ट वेगळी. लालसर दाढीच्या म्हाताऱ्याला कोणी तरुण समजत नाही. त्याने आपल्या पांढऱ्या केसांना सणाचे कपडे घातले आहेत, इतकेच.

माझ्या लहानपणी मोहल्ल्यात अशा लाल दाढ्या पुष्कळ होत्या. ईदच्या आदल्या रात्री घराघरांत मेंदी कालवली जायची. बायकांच्या हाताला लागायची आणि उरलेली आजोबांच्या दाढीला. राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातल्या सोजतची मेंदी प्रसिद्ध आहे, २०२१ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. मेंदीच्या पानातले लॉसोन नावाचे द्रव्य केसातल्या केरॅटिनला चिकटून बसते. ते पारदर्शक असते. काळ्या केसावर त्याची जेमतेम झाक दिसते, पांढरा केस मात्र तांब्यासारखा होतो. त्यामुळे अर्धवट पिकलेल्या डोक्याला मेंदी लावली की काळ्यात तांबूस बटा दिसू लागतात. आज हायलाइट्स म्हणून ज्याला पैसे मोजतात, ते आमच्या आया-आज्यांच्या डोक्यावर विनासायास होत होते. त्यांना ते नाव ठाऊक नव्हते, एवढेच.

गालिबच्या पत्रांत पिकत्या केसांवर एक सुंदर मजकूर आहे. दाढीमिशांत पांढरे केस आले आणि गालांवर मुंगीची अंडी दिसू लागली, असे तो आपल्या मित्राला लिहितो. पुढे दातही पडले, तेव्हा त्याने दातांना मिस्सी लावणे सोडले आणि दाढी वाढवली. म्हातारपणावर इतके निर्मळ विनोदी गद्य उर्दूत क्वचितच असेल. कलप न लावताही या दुःखातून वाट काढता येते, ती अशी.

पश्चिमेकडे वळू या. इजिप्तमधल्या इसवी सनापूर्वी १५५० च्या सुमाराच्या एबर्स पपायरस या वैद्यकग्रंथात पांढऱ्या केसांवर काळ्या जनावराचे रक्त तेलात उकळून लावायचा उपाय दिला आहे. काळ्यापासून काळे मिळेल, हा त्यामागचा साधा तर्क. ग्रीक आणि रोमन लोकांचा उपाय मात्र खरोखर काम करणारा होता. ते शिशाचा ऑक्साइड आणि चुना यांचा लेप लावत. २००६ मध्ये फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी हा लेप पुन्हा करून पाहिला. केसातल्या गंधकाशी शिशाचा संयोग होऊन केसाच्या आत शिशाच्या सल्फाइडचे सुमारे पाच नॅनोमीटर आकाराचे स्फटिक तयार होतात, असे त्यांना आढळले. दोन हजार वर्षांपूर्वीचे न्हावी नकळत नॅनोतंत्रज्ञान वापरत होते. शिसे विषारी असते, हे वेगळे सांगायला नको. तरीही शिशाचे क्षार असलेले कलप अमेरिकेत विसाव्या शतकभर विकले गेले आणि तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने ते बंद करायचा निर्णय घेतला तो २०१८ मध्ये.

रोमन कवींनी कलपाची यथेच्छ थट्टा केली. ओव्हिडने केसांना रंग लावून लावून टक्कल पडलेल्या प्रेयसीवर कविता लिहिली. मार्शलने एका रातोरात काळ्या झालेल्या गृहस्थाला सुनावले की माणसे फसतील, पाताळातली मृत्यूची राणी फसणार नाही.

सोळाव्या शतकातल्या व्हेनिसमध्ये या इतिहासाला वेगळे वळण लागते. तिथल्या बायकांना केस काळे नव्हे तर सोनेरी करायचे होते. घरांच्या छपरांवर लाकडी सज्जे असत. तिथे बायका भर उन्हात बसत. डोक्यावर गवताची टोपी, पण तिला वरचा भाग नसे, फक्त काठ. मधल्या भोकातून केस वर काढून काठावर पसरायचे आणि काठीला बांधलेल्या स्पंजाने त्यांच्यावर एक द्रव लावत राहायचे. चेहऱ्यावर सावली आणि केसांवर ऊन. चेसारे वेचेल्लियो याने १५९० मध्ये छापलेल्या पोशाखांच्या पुस्तकात अशा बाईचे चित्र आहे. ऊन सगळ्या केसांना सारखे लागत नाही. वरच्या बटा उजळतात, आतल्या गडद राहतात. उन्हात काम करणाऱ्या माणसाच्या केसांत ही उजळ-गडद छटा आपोआप येते. आजच्या हायलाइट्सचा आदर्श हेच उन्हाने उजळलेले केस आहेत.

एकोणिसाव्या शतकात हे काम उन्हाकडून रसायनाकडे गेले. हायड्रोजन पेरॉक्साइडचा शोध तेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८१८ मध्ये लावला होता. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात लंडनचा एक रसायनविक्रेता आणि पॅरिसचा एक केशभूषाकार यांनी मिळून त्याने केस उजळून दाखवले. दुसरीकडे, १८५६ मध्ये लंडनमध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनला कोळशाच्या डांबरातून जांभळा रंग सापडला आणि कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. त्याचे गुरू हॉफमन यांनी १८६३ मध्ये पॅराफेनिलिनडायअमिन हे द्रव्य ओळखले. नाव लांबलचक आहे, पण आपल्याकडच्या बहुतेक कलपांच्या पाकिटावर ते बारीक अक्षरांत असते, पीपीडी या आद्याक्षरांनी. पेरॉक्साइडबरोबर ते केसाच्या आत शिरते आणि तिथेच त्याचे मोठे रंगीत रेणू बनतात. ते मग धुऊन बाहेर पडत नाहीत. १८८३ मध्ये फ्रान्समध्ये त्याचे केसांसाठी पेटंट घेतले गेले. १९०७ मध्ये यूजेन शुएलर या तरुण रसायनशास्त्रज्ञाने आपला कलप तयार केला आणि १९०९ मध्ये कंपनी काढली. तीच पुढे लॉरियल झाली. कंपनीच्या पहिल्या नावातच 'निरुपद्रवी' हा शब्द होता. लोकांना कलपाची किती धास्ती होती ते यावरून कळते.

धास्ती पुरती निराधार नव्हती आणि आजही नाही. पीपीडीची काही जणांना तीव्र ॲलर्जी होते. कानामागे किंवा कोपराच्या वळणात थोडा कलप लावून दोन दिवस वाट पाहावी, असे पाकिटावर लिहिलेले असते. ते कोणी वाचत नाही. ईदला आणि लग्नांत हातावर जी 'काळी मेंदी' काढतात, तिच्यात पुष्कळदा हेच द्रव्य मिसळलेले असते. अस्सल मेंदी कधीही काळी नसते. मुलींच्या हातावर फोड आलेले मी पाहिले आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आता अमेरिकेत या. तिथे १९५० च्या आधी केस रंगवणे हे नट्यांचे किंवा चारचौघांत नाव घेऊ नये अशा बायकांचे काम समजले जाई. १९५० मध्ये क्लेरॉल कंपनीने एकाच वेळी उजळून रंग देणारे द्रव्य आणले आणि १९५६ मध्ये घरी वापरायच्या पुडक्याची जाहिरात शर्ली पॉलिकॉफ या बाईंनी लिहिली. रंगवते की नाही रंगवत, हे फक्त तिच्या केशभूषाकारालाच ठाऊक, असा तिचा आशय होता. हा प्रश्न पॉलिकॉफबाईंना स्वतःच्या संसारातच मिळाला होता. लग्नाआधी त्या होणाऱ्या सासूला भेटायला गेल्या, तेव्हा सासूने मुलाला हळूच विचारले, ही केस रंगवते की नाही? ही हकिकत त्यांनीच पुढे सांगितली. जाहिरातीतली बाई बहुधा मुलाबरोबर दाखवलेली असे. रंग लावणारी बाई सुद्धा घरंदाज आई असू शकते, हे त्यातून सांगायचे होते. पुढच्या काही दशकांत केस रंगवणे सर्वसामान्य झाले.

पण या जाहिरातीने एक गोष्ट पक्की करून टाकली. रंग म्हणजे गुपित. आणि गुपित असले की ते उघडे पडण्याची भीती आली. महिन्याला एक सेंटिमीटर या वेगाने केस ते गुपित फोडू लागले. मग दर चार-सहा आठवड्यांनी मुळांना रंग, लग्नाच्या आदल्या दिवशी रंग, मुलाखतीच्या आदल्या दिवशी रंग. कलपाची किंमत पुडीवर छापलेली असते, पण या चाकरीची किंमत कुठे छापलेली नसते.

या रेघेवर तोडगा निघाला तो रंगाच्या दुकानात नाही, कारागिरांच्या हातात. पन्नास-साठच्या दशकांत डोक्यावर बारीक भोकांची रबरी टोपी घालून विणकामाच्या आकड्यासारख्या सुईने थोडे थोडे केस बाहेर ओढत आणि तेवढेच उजळत. व्हेनिसच्या त्या बिनमाथ्याच्या टोपीची ही नात म्हणायला हरकत नाही. टोपीत एक अडचण होती. आत काय आहे ते दिसत नसे आणि मुळापर्यंत नेमके पोचता येत नसे. मग ॲल्युमिनियमच्या वर्खासारख्या पातळ पट्ट्या आल्या. कंगव्याच्या टोकदार शेपटीने केसांचा पातळ थर उचलायचा, मागावर धागे उचलतात तसे त्यातले एकाआड एक केस वर घ्यायचे, पट्टीवर ठेवून उजळणारा लेप लावायचा आणि पट्टी दुमडायची. पट्टीमुळे लेप शेजारच्या केसांना लागत नाही आणि वाळतही नाही. सत्तरच्या दशकात पॅरिसमधल्या कॅरिटा भगिनींच्या सलूनमध्ये 'बालायाज' ही पद्धत रुजली असे सांगतात. फ्रेंच शब्दाचा अर्थ झाडणे. पट्टीविना, केवळ कुंचल्याच्या हलक्या फटकाऱ्याने बटेवर लेप फिरवायचा, मुळाशी जवळजवळ नाही आणि टोकाला भरपूर. त्यामुळे रंग कुठे सुरू होतो ते सांगताच येत नाही. केस वाढले तरी काठ दिसत नाही, कारण काठ केलेलाच नसतो.

आधी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट इथे कामाला येते. डोळ्याला रंगापेक्षा सीमा जास्त खुपते. भिंतीवरचा ओलीचा डाग फिकट असला तरी त्याची कडा दिसते म्हणून तो दिसतो. पांढऱ्या मुळांचे तसेच आहे. वरचे सगळे केस एकजात काळे असतात, म्हणून रेघ दिसते. त्या काळ्यात मुळापासून बारीक उजळ बटा मिसळल्या, आणि जिथे पांढरे फार झाले आहे तिथे थोड्या गडद बटा मिसळल्या, तर नवा पांढरा केस त्या गर्दीत हरवतो. काळे-पांढरे शेजारी ठेवून करडे भासवायचे निसर्गाचेच काम माणूस पुढे नेतो. जुना रंग वाढून अर्धा उतरलेला आणि खालून पांढरे आलेले असे डोके सावरायची आज सगळ्यांत चांगली मानली जाणारी रीत हीच आहे. मग महिन्याची चाकरी तीन-चार महिन्यांवर जाते आणि हळूहळू रंग सोडूनही देता येतो.

आपल्या केसांना मात्र ही रीत सोपी नाही. फिकट केसांत पांढरी रेघ पुसट दिसते, काळ्याभोर केसांत ती खडूने ओढल्यासारखी दिसते. शिवाय काळा केस उजळताना थेट रुपेरी होत नाही. आधी तांबडा, मग नारिंगी, मग पिवळा होतो. त्याच्यावर निळसर-जांभळट छटा देऊन ती पिवळी झाक मारावी लागते, आपण पांढऱ्या कपड्यांना नीळ देतो तशी. दुसरे असे की रंगावर फिका रंग चढत नाही. वर्षानुवर्षे काळा कलप लावलेल्या केसाचा तो रंग आधी उतरवावा लागतो, आणि ते एका बैठकीत करू गेले तर केस तुटतात. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. बाजारातल्या काही 'मेंदी' पुड्यांत धातूंचे क्षार असतात. अशा केसांवर उजळणारा लेप लावला तर केस तापतात आणि गळून हातात येतात. म्हणून चांगला कारागीर आधी विचारतो, आजवर काय काय लावले? मग एक छोटी बट कापून तिच्यावर प्रयोग करून बघतो. त्याच्यापाशी खरे बोलावे. वैद्याशी आणि केशभूषाकाराशी खोटे बोलून कोणाचे भले झालेले नाही.

या सगळ्याला २०२० ने वेगळाच अर्थ दिला. मार्चच्या अखेरीस देशभर टाळेबंदी झाली. महाराष्ट्रात सलून उघडायला परवानगी मिळाली ती २८ जूनला. तीन महिने. महिन्याला सव्वा सेंटिमीटर धरा, म्हणजे तीन ते चार सेंटिमीटर. राज्यभर लाखो डोक्यांवर एकाच वेळी चार बोटे नाही, तरी दोन बोटे पांढरे उगवले. त्याच तीन महिन्यांत हजारो कारागिरांच्या घरची चूल थंडावली, हेही विसरता येत नाही. ज्यांच्या हातात आपले गुपित होते, त्यांच्या पोटाची काळजी आपल्यापैकी किती जणांनी घेतली, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा.

माझी थोरली बहीण शाळेत शिक्षिका होती. पंचवीस वर्षे तिने न चुकता कलप लावला. टाळेबंदीत तो राहिला आणि मग तिनेच ठरवले, आता बस झाले. पहिले काही महिने तिला फार जड गेले. जो भेटेल तो विचारायचा, 'आपा, तब्येत बरी नाही का?' कोणी म्हणायचे, 'इतक्यात कशाला सोडलंत?' ती मला म्हणाली, 'अरे, मी म्हातारी झाले हे मला चालतंय. पण अर्धी म्हातारी, अर्धी तरुण अशी फिरते ना, त्याची लाज वाटते.' शेवटी भाचीने तिला एका सलूनमध्ये नेले. तिथल्या मुलीने चार-साडेचार तास बसवून बारीक बारीक बटा उजळल्या आणि लांबी थोडी कापली. काळे आणि पांढरे यांच्यातली ती रेघ गेली. दीड वर्षात रंगही गेला. आता आपाचे केस पूर्ण रुपेरी आहेत आणि तब्येत कोणी विचारत नाही.

तिच्या त्या वाक्याने मला पुष्कळ विचार करायला लावला. आपल्याला वाटते, माणसे म्हातारपणाला घाबरतात. ती घाबरतात मधल्या काळाला, दुसऱ्यांच्या नजरेसमोर बदलत असण्याला. पुरुषांना यात सूट आहे. पिकलेल्या कानशिलांचा पुरुष भारदस्त दिसतो म्हणतात, आणि बाईला विचारतात, काय झाले? इंदिरा गांधींच्या काळ्या केसांतला पांढरा पट्टा साऱ्या जगाला ठाऊक होता. तो त्यांच्या अधिकाराची खूण ठरला, कारण अधिकार आधीच त्यांच्या हाती होता. शाळेतल्या बाईंना, बँकेतल्या बाईंना, नोकरी शोधणाऱ्या पन्नाशीच्या बाईंना तेवढी मोकळीक कोण देतो? ज्याला कलप लावायचा आहे त्याने खुशाल लावावा, मेंदी लावायची आहे त्याने मेंदी लावावी. पण न लावणाऱ्याला कोणी जाब विचारू नये, एवढी सभ्यता आपल्यापाशी असायला हवी.

मखादेवाच्या न्हाव्याने राजाला खरे सांगितले आणि त्याला गाव मिळाले. नंतरची अनेक शतके आपण न्हाव्याला खरे झाकायचे पैसे दिले. आता खरे सांगून ते सोसायला मदत करणारा कारागीर आला आहे. गाव देणे आपल्या हातात नाही, पण चार तास उभे राहून एकेक केस वेगळा करणाऱ्या त्या हाताचे मोल तरी आपण ओळखू या.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)